नकाशावर पाय

त्या पार्सलचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवल्यावर मी घरी शिकवणाऱ्या आयांच्या एका ग्रुपमध्ये सामील झाले. बहुतेक जणी पुण्याच्या नाहीतर बंगळूरच्या. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, इतिहास-भूगोलासाठी हा कार्डांचा-नकाशांचा संचच मागवा, दुसरीकडे बघूही नका. मीही घेतला. आमच्या धुळ्यात तो आला तेव्हा कूलरसमोर बसून सुद्धा घाम थांबत नव्हता, आणि खोक्यातून पहिलं कार्ड निघालं ते बर्फाच्या माणसाचं. त्या संचात वर्षाचे चार भाग होते, त्यातला एक लाल पानगळीचा आणि एक बर्फाचा. पावसाळा नावाची गोष्ट संच करणाऱ्यांनी ऐकलेलीच नव्हती. फैजपूरला माझी मावशी राहते, केळीच्या पट्ट्यात. तिच्याकडे वर्षाची वाटणी मृगबाग आणि कांदेबाग अशी होते, म्हणजे जूनमध्ये लावलेली केळी आणि ऑक्टोबरात लावलेली. माझ्या मुलीला ती वाटणी पाठ होती. लाल पानं बघून तिने विचारलं, "आई, या झाडांवर केळीसारखा करपा पडलाय का?"

इतिहासाची एक लांबच लांब पट्टी होती, ती आमच्या हॉलमध्ये मावेना. ती सुरू व्हायची इजिप्तच्या पिरॅमिडपासून. खानदेश तिच्यात कुठेच नव्हता. भूगोलाच्या कार्डांत जळगाव होतं, त्यावर केळीचा घड आणि कापसाचं बोंड. धुळ्याचं कार्डच नव्हतं. मी ग्रुपवर तसं लिहिलं, तर एका बाईंनी प्रेमाने सुचवलं की मुलीला एखाद्या मोठ्या शहरातलं तारांगण दाखवा, समुद्र दाखवा, तिचं जग मोठं होईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आम्ही राहतो ती जागा जगात मोजायचीच नाही.

मुलीला शाळेतून का काढलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळा चांगली नावाजलेली होती, फीसुद्धा तशीच. तिसरीत तिच्या वर्गाला तासन्‌तास तोंडावर बोट ठेवून बसवायचे. प्रश्न विचारला की बाई म्हणायच्या, पुस्तकात बघ. दिवाळीपर्यंत ती घरातही बोलेनाशी झाली. भूक लागली तरी सांगायची नाही, नुसती ओट्याशी येऊन उभी राहायची. जी पोरगी बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला त्याच्या गावाचं नाव असं का पडलं म्हणून विचारायची, ती. तिसरी संपल्यावर मी तिला काढलं. सासरी मोठं वादळ झालं आणि शेवटी एक वर्षाची मुदत मिळाली. वर्ष संपलं की माझे मोठे दीर, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात आणि जे एका हायस्कूलचे मुख्याध्यापक आहेत, ते तिला तपासतील. त्यांना पटलं तर घरी, नाहीतर जूनपासून परत त्याच शाळेत.

त्या वर्षात ती बोलायला लागली. एकदम नाही. संचातला महाराष्ट्राचा नकाशा मी भिंतीवर लावला होता. एके दिवशी ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि जवळजवळ भांडतच म्हणाली, "आई, हे खोटं आहे. पांझरा धुळ्यापासून वर चढते. पाणी कधी वर चढतं का?" मी बघितलं, तर खरंच. आमची पांझरा धुळ्याच्या पुढे वळते आणि उत्तरेला जाऊन तापीला मिळते. तिकडे जळगावची गिरणा आणि माझ्या माहेरची, जामनेरकडची वाघूर, सगळ्यांचा कल तोच. कागदावर आमच्या नद्या वर चढतात. संच करणाऱ्यांच्या डोक्यात हा प्रश्न येणंच शक्य नव्हतं.

मी नकाशा भिंतीवरून काढला आणि जमिनीवर टाकला. तो फारच लहान होता. मग धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा मिळवून मी वाढदिवसाचे फलक छापणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "ताई, फोटो कोणाचा टाकायचा?" मी म्हटलं, कोणाचाच नाही. त्याला ते पटेना. शेवटी त्याने कोपऱ्यात आपल्या मनाने दोन गुलाब टाकले. तो फ्लेक्स आम्ही गच्चीवर पसरला, सूर्य उगवतो ती बाजू बघून नीट फिरवला, आणि अनवाणी त्याच्यावर चालायला लागलो. ती धुळ्यावर उभी राहायची, पांझरेवरून चालत तापी गाठायची, तापीवरून मावळतीला समुद्राकडे. सातपुडा कुठे म्हटलं की हात लांब करून खरा सातपुडा ज्या बाजूला आहे ती बाजू दाखवायची. थाळनेरला, खानदेशाच्या जुन्या राजधानीला, आम्ही बसने गेलो, तापीकाठचा ढासळलेला किल्ला बघायला. तिथे तिने एवढे प्रश्न विचारले की माझा घसा बसला. राजाने राजधानी इथेच का केली, नदी अलीकडे की पलीकडे, शत्रू कुठून यायचा. मला निम्म्याहून जास्त सांगता आलं नाही, आणि मी इतकी खूश होते की काय सांगू.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सासरी गेलो. शिंदखेड्याच्या पुढे तापीच्या अंगाला ते गाव आहे. खरं म्हणजे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात. मी मात्र तपासणीसाठी सासरीच. घरात आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या, आलेल्या नणंदा, त्यांची पोरं. जेवणं झाल्यावर नाना म्हणाले, "चला, आता आमच्या घरच्या विद्यार्थिनीला बघू." शाळेतून त्यांनी महाराष्ट्राचा गुंडाळीचा नकाशा आणला होता, वर-खाली लाकडी दांडे असलेला. कॅलेंडर काढून त्यांनी तो ओसरीच्या खिळ्याला लावला.

ती भिंत दक्षिणेची. म्हणजे नकाशाकडे तोंड करून उभं राहिलं की खरी उत्तर दिशा पाठीमागे येते, अंगणाच्या दाराकडे. त्या दारातून सरळ गेलं की तापी.

सुरुवात बरी झाली. राजधानी, शेजारची राज्यं, तिने सगळं सांगितलं. मग नाना म्हणाले, "उत्तर दिशा दाखव." तिने नकाशाला पाठ केली आणि दाराकडे हात केला.

सगळी ओसरी हसली. माझी मोठी नणंद म्हणाली, "नकाशा अठे शे, नि पोर दार दखाडस!"

"बाळा," नाना म्हणाले, "नकाशात उत्तर दिशा नेहमी वर असते. आईने एवढंही शिकवलं नाही?"

"वर तर पत्रे आहेत, नाना," ती म्हणाली. आगाऊपणा नव्हता त्यात, तिला खरोखरच तसं दिसत होतं. नानांचा चेहरा मात्र उतरला. त्यांना थोडं तरी कळावं म्हणून ती घाईघाईने म्हणाली, "थांबा, मी दाखवते ना." तिने नकाशा खिळ्यावरून काढला, जमिनीवर पसरला, वरचा दांडा दाराकडे येईल असा फिरवला आणि धुळ्यावर जाऊन उभी राहिली. "आता मी धुळ्यात आहे. ही पांझरा, अशी जाते..." आणि ती पाऊल जरा पुढे सरकवून तापीवर गेली. अगदी बरोबर. ती कुठे चालली हे एकानेही बघितलं नाही. सगळे तिच्या पायांकडे बघत होते.

"माय वं! इद्यावर पाय दिधा पोरनं!" माझी सासू ओरडली. तिला आम्ही अक्का म्हणतो.

नानांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. नकाशा उचलला, उपरण्याने पुसला, कपाळाला लावला. "दसऱ्याला याला आम्ही गंध लावतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले, तिच्याकडे नाही. "हे शिकवलंत तुम्ही वर्षभर? नमस्कार करायला लावा तिला. माफी मागू दे."

माझं डोकं सणकलं. पाय मीच द्यायला शिकवला होता, आणि त्यात मला अजूनही काही वावगं वाटत नाही. ज्या कागदावर आपली नदी आहे तो गंध लावून गुंडाळून ठेवायचा, आणि त्याच्यावरून चालून नदी समजून घेणाऱ्या पोरीचा दंड धरायचा! मी म्हटलं, "नाना, ती माफी मागणार नाही. तिने दाखवली तीच उत्तर दिशा आहे. तुम्ही दारात जाऊन बघा, सातपुडा तिकडेच आहे."

सासरच्या ओसरीवर माझा आवाज एवढा मोठा त्याआधी कधी झाला नव्हता. अक्का म्हणाली, "पोरनी जात, तिले नकाशानं काय करनं शे?" आणि मी नवऱ्याकडे बघितलं. वर्षभर गच्चीवरच्या त्या फ्लेक्सवर तोही चालला होता, एकदा तर शिरपूरवर बसून चहा प्याला होता. त्याने एक शब्द बोलायचा होता. तो मुलीला हळूच म्हणाला, "कर गं बाळा नमस्कार. काय जातं आपलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. मग तिने बापाकडे बघितलं, नानांकडे बघितलं, सगळ्या ओसरीवरून नजर फिरवली. नानांनी नकाशा परत खिळ्याला लावला होता. ती पुढे गेली, हात जोडले, डोकं टेकवलं.

"शहाणी," नाना म्हणाले. त्यांचा राग लगेच गेला, माणूस मनाने दुष्ट नाही. "आता सांग, उत्तर दिशा कुठे?"

तिने बोट वर केलं. सरळ पत्र्याकडे.

"शाब्बास!" नाना म्हणाले. अक्काने तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. नणंदेने सांजोरी दिली. नानांनी सांगून टाकलं, की पोरगी हुशार आहे, चटकन शिकते, फक्त शिस्त हवी, जूनमध्ये शाळेत घाला. नवऱ्याने मान डोलावली. मी नाही म्हणाले, दोनदा म्हणाले, पण तोवर पानसुपारी सुरू झाली होती. मला त्या सगळ्यांचा संताप येतो, आणि सगळ्यात जास्त त्या शाब्बासकीचा. त्यापेक्षा तिला नापास केलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "खरंच उत्तर दिशा वर असते का गं?"

"नाही," ती म्हणाली. "पण त्यांना तेच हवं होतं."

मग तिने खिडकीला डोकं टेकवलं. सोनगीरचा किल्ला गेला, नवीन रस्त्याचं काम गेलं, धुळ्यात शिरताना पांझरेचा पूल गेला. तिने मला काहीच विचारलं नाही.