संडासात जेवणारा माणूस

"कोणाचं आहे हे? ज्याचं असेल त्यानं पुढं या, डोळे भरून बघा, मग मी साफ करतो!"

सकाळचे सव्वाअकरा. पुरुषांच्या संडासाच्या दारात, एका हातात बादली आणि दुसऱ्यात खराटा घेऊन काका ओरडत होते. आम्ही तीस-पस्तीस पदवीधर माणसं फायलींत अशी तोंडं खुपसून बसलो होतो की त्या एका सकाळी अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची प्रलंबित प्रकरणं निकालात निघावीत. साहेबांनी केबिनचं दार हळूच लोटून घेतलं. शेवटी आमच्या देवरूखच्या शिंद्यानं मान वर न करता विचारलं, "काका, कोणाचं ते कसं कळायचं? आवकचा शिक्का मारलाय काय त्याच्यावर?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. "शिक्का नाही म्हणूनच विचारावं लागतं," म्हणाले आणि आत गेले.

मंडळी, आमच्या ऑफिसचा तो संडास तुम्ही पाहिला नाहीत हे तुमच्या वाडवडिलांचं पुण्य. काका यायच्या आधी त्या वासाला स्वतःचं हजेरीबुक होतं. रिक्षावाले मारुती मंदिरापासूनच श्वास रोखून गाडी मारायचे. मुंबईहून आलेले एक ऑडिटर आत गेले ते अर्ध्या मिनिटात बाहेर आले, एकही शंका न काढता सही केली आणि मिळेल त्या एसटीनं परत गेले. भिंतींना हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, कारण भिंती ओलसर होत्या आणि का ओलसर आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कडी खालून पायानं लावायची. हे सगळं आम्हीच केलेलं. बाहेरून कुणी येऊन करून जात नव्हतं.

ठेकेदारानं तिथं काकांना पाठवलं. साठीच्या अलीकडचा किडकिडीत माणूस, धुवट शर्ट, बाह्या मोजून तीन घड्या दुमडलेल्या. आल्या आल्या प्रत्येक टेबलापाशी थांबून "सलाम" म्हणाले. शिंद्यानं त्यांना मुसलमान ठरवून टाकलं आणि ईदला शिरखुर्मा आणा म्हणून सांगितलं. काका म्हणाले, आम्ही ख्रिस्ती, आमच्या मंडळीत भेटल्यावर सलामच म्हणतात, आणि शिरखुर्मा हवा असेल तर मी ओळखीच्या घरून आणून देईन. ईदला खरोखरच आणला. शिंद्यानं तो दोन वाट्या खाल्ला आणि मग आठवलं की तो संडास धुणाऱ्या हातांनी आणलाय. दुपारभर कसनुसं तोंड करून बसला होता.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी एक वाजता मी आत गेलो आणि जागीच थिजलो. काका आतल्या पायरीवर मांडी घालून बसले होते. खाली वर्तमानपत्र, त्यावर डबा, डब्यात बांगड्याचं तिकलं आणि भात. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी तोंडावर रुमाल धरून म्हटलं, "अहो काका, ही काय जेवायची जागा?"

त्यांनी प्रार्थना पुरी केली, मग डोळे उघडले. "मला इथं जेववलं नाही तर तुम्हाला इथं बसवायचं कसं?"

ही त्यांची कामाची रीत. आधी घासायचं, मग सुकू द्यायचं, मग तिथं बसून जेवायचं. घास उतरला तर काम झालं. नाही उतरला तर डबा बंद, परत खराटा. पहिले चार दिवस ते उपाशी घरी गेले, हे मला मागाहून कळलं. पाचव्या दिवशी जेवले. खरं सांगतो, त्या दिवसापासून तो संडास आमच्या कँटीनपेक्षा स्वच्छ होता. पण ऑफिसला किळस आली ती काकांची. बायकांनी त्यांच्या हातून पाण्याची बाटली घेणं सोडलं. माझं तर त्या तिकल्यावरून बांगड्यावरचं मन दोन महिने उडालं, आणि रत्नागिरीत राहून बांगडा सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

एकदा मी त्यांना डिवचलं. तुम्ही देवाधर्माचे, रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्या ख्रिस्ती देवळात पेटी वाजवता, मग हे असलं काम का? ते म्हणाले, "पाचारण आहे."

हा त्यांचा शब्द. देवानं माणसाला हाक मारून कामाला लावणं, असा त्याचा अर्थ. चर्चच्या पाळकाला उपदेशाचं असतं, नर्सला रोग्याचं असतं, तसं त्यांना इथलं.

"मग देवाला म्हणावं, पाचारण निदान बँकेत तरी पाठवायचं," मी म्हटलं.

"बँकेतलं ज्याला येतं त्याला येतं. देव काय बदलीचा अर्ज घेतो काय?"

आमच्या जिन्याचं वर्णन मी टाळणार होतो, पण टाळून चालणार नाही. जिन्याचे चारही कोपरे पानाच्या पिंकांनी असे रंगले होते की नवीन माणसाला वाटावं, इथं आताच कुणाचा तरी खून पडलाय. साहेबांनी उपाय काढला, तुम्ही सगळीकडे पाहिलेलाच. कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स. गणपती, साईबाबा, मक्का आणि काकांचा मान म्हणून येशू. आमच्यातले थुंकणारे काही कमी नव्हते. दोन टाइल्सच्या मधल्या चार बोटांत, देवाला शिंतोडाही न लागू देता नेम साधायचे. ऑलिम्पिकला पाठवले असते तर देशाला पदक मिळालं असतं. त्यांत मीही होतो, लपवत नाही. माझा नेम बरा होता, पण एकदा चुकला.

दुसऱ्या दिवशी काका छिन्नी घेऊन येशूची टाइल सोडवत बसलेले दिसले. मी साळसूदपणे विचारलं, काय हो, का काढताय?

"त्याच्यावर एकदा थुंकून झालंय," ते म्हणाले. "परत कशाला?"

टाइल पुसून पिशवीत घातली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र तोंडातलं पान गिळावं लागलं, आणि ते कसं लागतं हे देव वैऱ्यालाही न दाखवो.

मग तो टाकीचा दिवस आला. ऑफिसच्या मागची मैल्याची टाकी, जुन्या चिऱ्यांनी बांधलेली, तुंबली आणि उलटी वाहायला लागली. मागच्या अंगणात घोट्याएवढं तळं. माशा इतक्या की दुपारी दिवे लावावे लागले. आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मोठ्या साहेबांची भेट ठरलेली. मैला ओढणारी गाडी दारात आलेली होती, पण गाडीवाला म्हणाला, मागं जायची वाट बंद आहे, ती पत्र्याची शेड हलवा. ती शेड आमच्या साहेबांच्या गाडीची. नवी, त्याच महिन्यात उभी केलेली.

साहेबांनी शेडकडे पाहिलं, मग काकांकडे. सगळं ऑफिस नाकाला रुमाल लावून मागच्या ओटीवर जमलं होतं.

साहेब फार गोड बोलले. तुमच्यासारखी श्रद्धा आमच्यात नाही, तुमच्यासाठी ही पूजाच, तासाभराचं काम आहे, कमरेला दोर बांधू, खाली उतरून तेवढा बोळा काढा, उद्या मोठ्या साहेबांच्या हस्ते तुम्हाला शाल आणि नारळ. शिंदे म्हणाला, काका, फोटो पेपरात येईल. आणि मी, जो त्या टाकीपासून वीस पावलांवर उभा राहून ओकारी दाबत होतो, मीही म्हणालो, "सेवाच आहे हो काका ही."

काकांनी टाकीच्या तोंडाशी जाऊन आत पाहिलं. आतून जो वारा येत होता त्यानं माणूस काय, उंदीर जगला नसता. अशा टाकीत उतरलेली माणसं वर येत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. पेपर आम्हीही वाचतो.

ते परत आले. "काम पवित्र आहे, साहेब," ते म्हणाले. "म्हणून माणूस फुकटचा होत नाही."

साहेबांचा आवाज बदलला. "म्हणजे देवाच्या कामाला नाही म्हणताय?"

"देवानं कुठं सांगितलंय? तुम्ही सांगताय. तुम्हाला नाही म्हणतोय."

साहेब म्हणाले, मग उद्यापासून यायचं कारण नाही. काकांनी बादली धुतली, खराटा उन्हात उभा केला, बाह्या सोडून बटणं लावली. मग एकेका माणसापाशी थांबून सलाम म्हणाले. माझ्यापाशीही. त्यांच्या तीन मुलींपैकी धाकटी तेव्हा नर्सिंगला होती आणि घरात कमावणारे हे एकटे, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. रुमाल नाकावर होता, ते एक कारण सापडलं.

तासाभरानं शेड सोडली. चार नटबोल्ट होते. गाडी मागं गेली, पाइप टाकला, चहा येईपर्यंत टाकी रिकामी. माझ्या अंगाला त्या दिवशी जो वास लागला तो मी तीन साबण संपवले तरी जाईना. टाकीचा नव्हताच तो.

त्यानंतर ठेकेदारानं तीन माणसं पाठवली. एकही पंधरा दिवस टिकला नाही. संडास पुन्हा पहिल्यासारखा झाला, किंबहुना वाईट, कारण मधे आम्ही चांगला पाहिलेला होता. कडी पुन्हा पायानं लागायला लागली. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना मी म्हटलं, काकांना परत बोलवू, आणि शोधायला मीच निघालो.

ते बंदरावर मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये सापडले. लिलाव आटपलेला होता. खवले, आतडी, डोकी यांच्या चिखलातून ते नळी धरून फरशी धूत होते. पँट गुडघ्यापर्यंत, शर्ट धुवट. "सलाम," म्हणाले, जणू मी रोजच भेटत होतो.

मी खूप बोललो. साहेब गेले, शेडसुद्धा गेली, ठेकेदाराशी बोलून ठेवलंय म्हणालो. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, तेही म्हणालो. ते म्हणायला मला तीन वेळा थुंकी गिळावी लागली. संडासाची दशा मी जराशी वाढवून सांगितली. वाढवायला फार जागा नव्हती. शेवटी त्यांच्याच शब्दाला हात घातला. म्हटलं, काका, तुम्हाला पाचारण तिथलं होतं ना? मग तुमच्यावाचून आम्ही आता काय करायचं?

त्यांनी नळी माझ्या बुटांपासून जरा लांब धरली.

"पाणी टाकत जा," ते म्हणाले.