साळूबाईचा धूर

"झाडांना खोकला लागत नाय," एवढंच बोलून साळूबाईने गोधडीचं गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि आडव्या आलेल्या मुलाला बाजूला सारून ती रानाच्या वाटेला लागली.

दोन हजार एक सालचा श्रावण होता. पोलादपूरच्या दवाखान्यात तिचा बेडका तपासला होता आणि डॉक्टरांनी क्षय सांगितला होता. औषध सहा महिने, मध्येच सोडायचं नाही, आणि तान्ह्या मुलाला जवळ घ्यायचं नाही. घरात तान्ही नात होती. मुलगा दत्ताराम महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाई. मागे सून अक्षदा आणि साळूबाई. अक्षदा वाईट नव्हती. तिने फक्त पोरीची झोळी ओटीवरून सोडली आणि आतल्या खोलीत वाशाला बांधली. गाठ पक्की बसेपर्यंत साळूबाई बघत राहिली.

त्यानंतर घराला कान आले. ती खोकली की आतला भांड्यांचा आवाज थांबे. खोकला सरला की पुन्हा सुरू होई. शेजारच्या ओटीवर कुणीतरी म्हणे, "आज जास्तच हाय." आपल्या छातीतली गोष्ट आपली उरली नाही, गावाची झाली, हे तिला दुखण्याहून जास्त टोचलं. मरायचं असेल तर मरू. पण कुणाच्या कानांवर जगायचं नाही, असं तिने मनाशी धरलं.

रानात तिच्या नवऱ्याने, जानूने बांधलेला गोठा होता. म्हशी होत्या तेव्हाचा. म्हशी विकल्या, जानू गेला, गोठा तेवढा उभा राहिला. गाव आणि गोठा यांच्या मधे खोल ओहोळ. आंबेनळी घाटाखालचा तो चढ ऐन-किंजळाच्या झाडांनी असा भरलेला, की गावातून छप्पर दिसत नसे. दिसे तो सकाळचा धूर. गावकीचा म्होरक्या भागोजी, जानूचा चुलतभाऊ, रोज मिश्री लावताना पलीकडे बघायचा आणि म्हणायचा, "हाय अजून."

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. झऱ्यावरून कळशी आणायला सकाळ सरे. ती झाडाला टेकून उभी राही, आणि झाड जास्त जिवंत आहे की आपण, हे तिला ठरवता येत नसे. अंगातून घाम निघून जाई तसं मांसही निघून जात होतं. पावसाने छप्पर गळे, तेव्हा ती कोरडा कोपरा शोधत सरकत राही. एकदा अंगणातल्या चिखलात वाघराची पावलं उमटलेली दिसली. दारापर्यंत येऊन ती मागे फिरली होती. "माझ्यात खाण्यासारखं काय उरलंय," ती त्या पावलांना म्हणाली, आणि पेज ढवळायला बसली.

औषधाची व्यवस्था मात्र चोख झाली. गोठ्यापासून दुसऱ्या अंगाने एक वाट खाली घाटरस्त्यावर उतरे. तिथे वळणावर पोलादपूरच्या मुनाफचं चहा-वड्याचं दुकान होतं. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबत. आरोग्यसेवकाने साळूबाईच्या गोळ्यांचा खोका मुनाफकडेच ठेवला. आठवड्यातून तीनदा तिने उतरायचं आणि त्याच्यासमोर गोळ्या गिळायच्या.

"तोंड उघड, मावशी," मुनाफ पहिल्या दिवशी म्हणाला.

"दात मोजतोस काय रे माझे?"

"सरकारने सांगितलंय. गिळलेली दिसायला पाहिजे. लोक गालात ठेवतात नि वळणावर जाऊन थुंकतात."

"येवढी उतरून येते ती थुंकायला?"

"मला काय माहीत? माझे वडे खाऊनसुद्धा लोक वळणावर थुंकतात."

साळूबाई हसली. हसता हसता खोकली. मुनाफ तोंड न फिरवता उभा राहिला, हे तिने बघून ठेवलं.

त्याच आठवड्यात तिची लघवी लाल झाली. छातीतल्या रक्ताने खालची वाट धरली, आता संपलं, असं वाटून ती करवंदीच्या जाळीपाशी बसून राहिली. मग, संपलंच असेल तर दुकानापर्यंत जाऊन संपू दे, असं म्हणून उतरली. पण परक्या पुरुषाला हे विचारायचं कसं? गोळ्या तळहातावर घेऊन तिने बाजूने सुरुवात केली.

"मुनाफ, या गोळ्यांचा रंग उतरतो काय रे?"

मुनाफ कढईकडे बघायला लागला. मग रस्त्याकडे. "उतरतो," तो शेवटी म्हणाला. "आरोग्यसेवक बोलला होता सांगायला. मीच विसरलो. विसरलो म्हणजे, मला लाज वाटली."

"तुझ्या लाजेने मी मेले असते ना, मेल्या."

त्या दिवशी त्याने वड्याचे पैसे घेतले नाहीत.

पावसाचा जोर ओसरला तसा खोकलाही ओसरू लागला. कळशी आणून सकाळ उरायला लागली. उरलेल्या सकाळीचं काय करायचं हे साळूबाईला आधी समजेना. लग्न होऊन आल्यापासून तिला कुणी ना कुणी हाक मारत होतं. सासू, जानू, पोर, म्हशी, सून. हाक आली की ती उठे. उठणं म्हणजेच ती, असं झालं होतं. इथे हाक नव्हती. भूक लागली की रांधायचं, ऊन चढलं की सावली धरायची. वानरं पहिल्या दिवसांत तिच्या खोकल्याने दचकत. पुढे त्यांनी मान वळवणंही सोडलं. ऐकणारं कुणी नसलं की खोकला नुसता खोकला राहतो. भीतीचंही तसंच असावं. पन्नाशी उलटल्यावर तिला स्वतःचा आवाज कसा आहे ते कळलं. तो तिला आवडला. आता हा गोठा सोडायचा नाही, बरं वाटलं तरी सोडायचा नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही; पण ते ठरलं.

नवरात्राच्या सुमारास बेडका पुन्हा तपासायचा होता. एक नमुना आज, एक उद्या सकाळी, असं असल्यामुळे तिला पोलादपुरात मुक्काम पडला. मुनाफ तिला आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने, सकिनाने, तिला आपल्याच ताटांपैकी ताट दिलं आणि भात वाढता वाढता ती म्हणाली, "हा दर खेपेला सांगतो, मावशीने आज पण गिळली. मला वाटायचं काय गिळते एवढी." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सांगितलं, बेडक्यात जंतू दिसत नाहीत; पण औषध पुरं करायचं. साळूबाईने बाजारातून तांदूळ आणि सुकट घेतली, मुनाफच्या जीपने वळणापर्यंत आली, आणि पिशवी डोक्यावर घेऊन चढली.

गोठ्यापुढे गावातले पुरुष उभे होते. सगळे धापा टाकत होते. जमिनीवर ओले हिरवे बांबू पडलेले, सुंभ, मडकं, पांढरं कापड. दत्ताराम कंपनीच्या कपड्यांत दगडावर बसला होता, डोकं गुडघ्यांत.

"कोण गेलं रे?" साळूबाईने विचारलं.

भागोजीने घसा साफ केला. "तू, वैनी."

"मी? कधी?"

"धूर नव्हता ना काल. आजपण नाय. येऊन बघतो तर चूल गार. वाटलं, वाघराने ओढली."

"आणि जाताना वाघरू दाराला कडी लावून गेलं?"

मागे उभा असलेला मालोजी, गावातला जुना टवाळ, तोंडावर टॉवेल धरून हसायला लागला. दत्ताराम उठला, बसला, पुन्हा उठला. त्याने आईच्या डोक्यावरची पिशवी उतरवली. "आये, अगो सांगून तरी जायचं," तो म्हणाला.

"बेडका साफ निघाला," ती म्हणाली. "सुकट आणलीय. चहा टाकते."

चहा झाला, आणि मग खरी अडचण पुढे आली. तिरडीसाठी आणलेलं सामान माघारी गावात नेत नाहीत. कापड, मडकं रानात सोडता येईल. पण एवढे बांबू?

"जाळून टाकू," कुणी म्हणालं.

"ओले हायत," भागोजी म्हणाला.

"ठेवा हितंच," साळूबाई म्हणाली. "घेवड्याला मांडव घालायचा होता. बांबू तोडायला माणूस मिळत नव्हता."

"वैनी, तिरडीच्या बांबूवरचा घेवडा खाशील?"

"माझ्याच नावाने तोडलेत ना? मग मीच खाईन. आता आलात तसे उभे करून द्या."

तिला उचलून न्यायला आलेल्या पुरुषांनी खड्डे खणले, सुंभाने गाठी मारल्या, आणि घेवड्याचा मांडव उभा केला. मालोजी प्रत्येक बांबू रोवताना "वैनीला जपून ठेवा रे" म्हणत होता. साळूबाई पदराने वारा घेत बसली होती आणि कुठला वाकडा आहे ते सांगत होती.

निघताना भागोजी मात्र गंभीर झाला. "हसण्यावारी नेऊ नको, वैनी. गावातली सगळी माणसं मुंबईला. खांदा द्यायला आम्ही एवढेच, नि आमचे गुडघे हे असे. बरी झालीस की खाली यायचं. नायतर गावकी गोठा मोडील."

"औषध पुरं होऊ दे," ती म्हणाली. "मग बसवा गावकी."

माघात औषध पुरं झालं. डॉक्टरांनी कागदावर बरी झाली असं लिहून दिलं. मुनाफने रिकामा खोका सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवला. चार दिवसांनी देवळात गावकी बसली आणि साळूबाई उतरून आली. तिचे गाल भरले होते. चढ-उताराने पाय दगडासारखे झाले होते.

अक्षदा पुढे आली आणि तिने पोरीला साळूबाईच्या मांडीवर ठेवलं. सगळ्यांदेखत ठेवलं. पोरीने आजीच्या गळ्यातला दोरा धरून तोंडात घातला. साळूबाईने तिच्या टाळूवर नाक टेकलं आणि डोळे मिटले.

"आये, ओटीवर तुझी जागा केलीय," दत्ताराम म्हणाला.

"हां, ते झालं," भागोजी म्हणाला. "आता गोठ्याचं. वासे चांगले सागाचे हायत. देवळाच्या पडवीला लागतील. उद्याच मोडू."

"एकटी बाई रानात. लोक काय म्हणतील," एक म्हातारा म्हणाला.

"लोकांचं म्हणून झालंय," मालोजी म्हणाला. "तिरडीपर्यंत जाऊन आले लोक."

"तू गप रे. उद्या कोण कोण येतंय वर?"

इथे गावकी अडली. एकाला दम लागत होता. एकाचा गुडघा मागच्या चढाला गेला तो अजून आला नव्हता. मालोजीची कंबर. दत्तारामची उद्या पहिली पाळी. मुंबईकर शिमग्याला येतील तेव्हा बघू, असं कुणी म्हणालं. ते दोन दिवस येतात नि पिऊन पडतात, असं दुसरं कुणी. वासे किती, ते ओहोळातून आणायचे कसे, एका वाशाला किती माणसं, यावर आवाज चढले. साळूबाईला कुणी विचारलं नाही. भागोजी तिच्याकडे पाठ करून बोटांवर माणसं मोजत होता आणि मोजणी पुन्हा पुन्हा तिथेच येत होती.

चहाचं तबक फिरत आलं. सगळ्यांच्याच कपांतला एक कप तिला मिळाला. तिने पोर अक्षदाच्या हातात दिली, तिच्या दंडावर क्षणभर हात ठेवला, आणि सावकाश चहा प्याली. कप विसळून बाकीच्या कपांत पालथा ठेवला. पायरीवर येऊन वहाणा पायात सरकवल्या. आत मालोजी आपल्या कंबरेला नेमकं काय होतं ते सांगत होता. साळूबाईने पदर खोचला, आणि ती चढणीच्या वाटेला लागली.