भागूआक्काचा हात

आमची भागूआक्का खानापूरजवळ लोकांच्या शेतात भाताची लावणी करून पोट भरायची. शेतांना लागून देवाचं तळं होतं. तिथल्या पाखराला खडासुद्धा मारायचा नाही, हा गावाचा जुना नेम. आक्का तो डोळ्यांत तेल घालून राखायची.

एकतीस सालच्या पावसाळ्यात बेळगावच्या छावणीतला एक साहेब बंदूक घेऊन तळं बघायला आला. गावचा पाटीलही ज्याच्यापुढं वाकायचा, त्याला आक्का बांधावरून ओरडली, "हितं बार काढायचा न्हाय!"

साहेब हसला. त्यानं एक बदक पाडलं आणि तिलाच फर्मावलं, "जाव, लेके आव."

"मारलंस तू, आण की तूच!"

लावणीला वाकलेल्या बायकांपैकीही कुणी हललं नाही. साहेब चिडून स्वतःच तळ्यात उतरला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला. धडपडला तसा आणखी खाली गेला. बंदूक तेवढी वर धरलेली. शेवटी त्यानं मोकळा हात आक्कापुढं केला.

आक्का बांधावर सावकाश टेकली.

"आदी ती बंदूक चिखलात सोड," ती म्हणाली. "मग मिळंल हात."