पाटलाच्या वाळवंटातली निंदणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मधेच कोणी दात काढले तर मी तिथंच थांबेन, सांगून ठेवतो. गोष्ट माझ्याच अकलेची आहे, आणि ती अक्कल किती होती हे अख्ख्या वलगावाला ठाऊक आहे. तुम्हीच तेवढे राहिलात!

तर ही त्या कापसाच्या दिवसांतली गोष्ट. सातासमुद्रापार कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती. कोण कोणाशी लढतंय हे आम्हाला कळत नव्हतं, पण त्यांच्या भांडणानं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, एवढं पक्कं कळलं होतं. मग काय विचारता! रिकामी जागा दिसली की लोक सरकी टोचायचे. बांधावर कापसाची पराटी, गोठ्यामागं पराटी, मारुतीच्या पारापाशी पराटी. आमच्या शेजाऱ्यानं कापसाची झाडं उकिरड्यावर लावली, आणि गावात सगळ्यात चांगली तीच आली!

माझी धाकटी बहीण चंद्रभागा अकोल्याला दिलेली. तिचे सासरे पुंजाजी पाटील. माणूस लाख मोलाचा, पण एक खूळ होतं. द्वारकेच्या यात्रेला गेले आणि तिथून उंटवाल्यांच्या संगतीनं थेट मारवाडच्या वाळवंटात. वर्षानं परतले. लोक द्वारकेहून गोपीचंदन आणतात, यांनी तिकडची झाडं आणली. मागच्या अंगणात त्यांची बाग केली. अकोट-अचलपूरहून माणसं ती पाहायला यायची. 'पाटलाचं वाळवंट' असं नावच पडलं तिला.

आदल्या दिवाळीला मी मुराळी होऊन, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला, तिथं गेलो होतो. पाटील म्हणाले, "चाल किसना, बाग दाखवतो."

मी घाईत. म्हणालो, "मामाजी, बाग पुढच्या खेपेले. तिकडं वेचणी खोळंबली."

पाटलांनी शांतपणे पान थुंकलं. "बरं. मंग सूनही पुढच्याच खेपेले."

झालं! रिकामी गाडी घेऊन परत आलो. माय वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. काही सांगायचं असलं की बैलांना सांगायची, मी ऐकायचं.

यंदा दिवाळी जवळ आली तसा चंद्रीनं एका गाडीवानाकरवी निरोप धाडला: "दादाले म्हणा, बाग पाहायची. मन लावून पाहायची. नाईतं मी यंदाही येत नाई." मायनं निघताना माझा हात धरला. "किसना, तिथं काय वाट्टेल ते पाय बापा. पण पोरीले घेऊनच ये." तिचे डोळे भरले होते. मीही मनाशी ठरवलं, यंदा बाग अशी पाहीन की पाटील खूश झाले पाहिजेत.

गाडीवानाला घेऊन अकोल्याला पोचलो तेव्हा सकाळ होती. पाटील कुठंतरी पाहुण्यांना आणायला गेले होते. चंद्री चुलीपाशी पुरणाच्या तयारीत. तीन दिवसांपासून बोचकं बांधून ठेवलेलं दारामागं दिसत होतं. तिच्या सासूबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाग मांगं हाये. पाहत बसा, येतेतच ते."

मी मागं गेलो. आता माझ्या डोक्यात काय होतं ते ऐका. बाग म्हटली की विहीर, केळी, मोगरा. आणि ज्या झाडांसाठी माणूस वर्षभर उंटांमागं हिंडला, ती झाडं कशी असतील? उंच, घनदाट, फुलांनी लगडलेली! असं काहीतरी.

अंगणात पाहतो तर वाळू. वाळूत दगड. दगडांच्या मधून काटे. एक काट्याचं झुडूप असं की त्याला पानच नाही. एक काटेरी थोर, फांद्यांचे हात वर करून उभा. एक काटकी तर उघड उघड मेलेली. आणि या सगळ्या घाणीत, देवा रे, चार पराट्या! बिचाऱ्या खुरटलेल्या. एकेकीला जेमतेम दोन बोंडं.

समोर एक भिंत होती आणि भिंतीत कुलूप लावलेलं दार. मी म्हणालो, बाग पलीकडं असणार. ही म्हणजे पाटलांची पराटी. म्हातारं माणूस, त्या बागेपायी इकडं तण निंदायला फुरसत नाही.

बसलो वाट पाहत. पण मला सांगा, तणात गुदमरलेली पराटी समोर असताना वऱ्हाडातला माणूस किती वेळ स्वस्थ बसेल? गोठ्यात खुरपं होतं. म्हटलं, चार काटे काढू.

चारावर हात कुठला थांबतो! खुरप्यानं निघेना तेव्हा कुदळ घेतली. धोतराचा सोगा हाताला गुंडाळून थोर उपटला. ती मेलेली काटकी तर मुळासकट अलगद निघाली.

आतून चंद्रीनं हाक मारली, "दादा, पाहून राहिला का बाग?"

"पाहून राहिलो व!"

"कसला आवाज येऊन राहिला?"

"काई नाई. तू आपल्या पोया लाट!"

काटे काढले, मग दगड उचलले. दगड काढल्यावर ती वाळू डोळ्यात खुपायला लागली. वाळूत कुठं कापूस होतो का? फावड्यानं ओढून कोपऱ्यात केली. उकिरड्यावरून चार टोपली शेणखत आणून पसरलं. दोन घागरी पाणी घातलं. काट्यांचा ढीग भिंतीशी रचला. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. काय दिसत होत्या त्या चार पराट्या! आता पाटील आपण होऊन सून पाठवणार, अशी माझी खात्री झाली.

तेवढ्यात पाटलांचा आवाज आला. "या, या पाव्हणं! अचलपूरहून आले, आता डोये भरून पाहा आमचं वाळवंट!"

दोन पाहुण्यांना घेऊन पाटील अंगणात आले आणि जागच्या जागी उभे राहिले.

मी लगबगीनं पुढं झालो, पाया पडलो. "मामाजी, कवापासून वाट पाहून राहिलो! दाखवा न बाग. कुलूप काढा!"

भिंतीतल्या दाराकडं पाटलांनी पाहिलं. "तिथं कडबा हाये," ते म्हणाले. मग हळूच, "किसना, माहं वाळवंट कुठी गेलं?"

"कोणतं वाळवंट? इथं तं निस्तं तण माजलं होतं! पराट्या मोकया केल्या तुमच्या."

पाटील मटकन खाली बसले. पाहुण्यांपैकी एक भला माणूस होता. त्याला काहीतरी बोलणं भाग वाटलं असावं. तो म्हणाला, "पराट्या मात्र झाक हायेत हो पाटील."

"अरे, तण तं ते होतं!" पाटील ओरडले. "सरकीच्या पोत्यातून सांडून उगवल्या त्या! आज उपटणार होतो!"

अहो, आता काय सांगायचं? त्या अख्ख्या बागेत तण म्हणून चारच झाडं होती, आणि मी तेवढीच ठेवली होती!

चंद्री पिठाच्या हातानं धावत आली. तिनं अंगण पाहिलं, ढीग पाहिला, माझ्या हातातलं खुरपं पाहिलं. मग तिची नजर दारामागच्या बोचक्याकडं गेली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मायला काय सांगणार होतो मी? की मी बाग पाहिली, आणि अशी पाहिली की उरलीच नाही?

पाटील ढिगापाशी बसून एकेक झाड चाचपत होते. ती मेलेली काटकी त्यांनी मांडीवर घेतली. "हा गुग्गुय हाये, बाप्पा. धूप देते तो. उंटावर मांडीवर घेऊन आणला याले."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "मामाजी, मले काय वाट्टेल ते करा. पण चंद्रीले पाठवा."

आणि मग आमची चंद्री, जिनं सासऱ्यासमोर कधी वर मान केली नव्हती, ती पदर सावरून म्हणाली, "मामाजी, ज्यानं सांडलं त्यानं भरावं. दादाले ठेवून घ्या इथं. गाडीवान हायेच, मले जाऊ द्या."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं. "पोरगी हुशार हाये!"

दुपारी पोळ्या खाऊन चंद्री माझ्याच गाडीत बसून माझ्याच घरी निघून गेली. आणि मी बसलो तिच्या सासरी!

पहिल्या दिवशी माझ्याच हातानं त्या चार पराट्या उपटायला लावल्या. बोंडं लागलेली पराटी उपटायची! माझा हातच उठेना. मग शेणखत काढलं. मोर्णा नदीवरून वाळू वाहिली. दगड होते तसे मांडले, म्हणजे मी मांडायचे आणि पाटील म्हणायचे, "हा इथं नाई, तिकडं होता." संध्याकाळी चंद्रीच्या सासूबाई दिव्यापाशी बसून सुईनं माझ्या हातातले काटे काढायच्या आणि हसायच्या. पहाटे उठलो की मी आपला विचारायचो, "मामी, काय काम सांगता?"

पण सगळ्यात अवघड काय होतं सांगू? पाणी घालायचं नाही! झाड समोर सुकलेलं, घागर हाताशी भरलेली, आणि पाटील ओट्यावरून डोळा ठेवून. "ठेव ती घागर. हे झाड तहानेनं मरत नाई, मायेनं मरते." खुरपं तर त्यांनी पहिल्याच दिवशी आढ्याला टांगलं होतं.

काटे मात्र चिवट. एकेक करून सगळ्यांनी जीव धरला. फक्त तो गुग्गुळ तसाच. रोज सकाळी मी त्याच्यासमोर उकिडवा बसायचो. अठराव्या दिवशी त्या काटकीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी असा ओरडलो की सासूबाई लाटणं घेऊन धावत आल्या! पाटील येऊन माझ्याशेजारी वाळूत बसले. बराच वेळ आम्ही दोघं तो ठिपका पाहत बसलो. त्यांनी आपल्या हातानं पान लावून मला दिलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्याच दिवशी अकोटहून कोणी बाग पाहायला आलं, तर पाटलांच्या आधी मीच उठून दाखवायला लागलो.

विसाव्या दिवशी चंद्री आली. माहेरच्या खाण्यानं तिची तब्येत सुधारली होती. मी विचारलं, "वेचणी?"

"झाली. बायाही सांभायल्या, गाड्याही भरल्या. माय म्हणते, दरसाली दादाले अकोल्यालेच ठेव." मग पाटलांपुढं वाकून म्हणाली, "मामाजी, दादाले न्याले आली. पाठवता न?"

विहिरीवरच्या बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. बहीण मुराळी होऊन भावाला न्यायला आली, हे अकोल्यानं कधी पाहिलं होतं?

पाटील म्हणाले, "पाठवतो. पण पुढच्या दिवाळीले लवकर धाडजो. गुग्गुयाले त्याची सवय लागली."

निघायची वेळ झाली. सासूबाई सूप घेऊन दारात उभ्या होत्या. मला वाटलं, चंद्रीला काही द्यायचं असेल. त्या गंभीर तोंडानं माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "उपरणं पसरा."

सासरहून माहेरी निघालेल्या बाईची ओटी भरतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पण पीळ दिलेल्या मिशांच्या मुराळ्याची तांदूळ-नारळानं ओटी भरलेली तुम्ही कुठं पाहिली आहे का? मी पाहिली आहे. आणि वर डोळे पुसत पुसत गाडीत बसलो, तोही मीच.