बाजारात दिलेला शब्द

मैत्रिणींनो, आपल्या या फिरत्या वहीत मागच्या खेपेला मी 'ग्लिबली' या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'अस्खलितपणे' असा लिहिला होता. तो खोडा. विचार न करता वरवर गुळगुळीत बोलणं, असा तो अर्थ आहे. आज मी तशीच बोलले.

दारव्ह्याच्या बाजारात माझ्या वर्गातल्या सुमनची आई भेटली. "बाई, माही पोरगी पास होईन ना?"

"होईलच की! काळजी कशाला?" वांगी निवडता निवडता मी म्हणाले.

"बरं झालं. गुरुवारी पाव्हणे येऊन राह्यले तिले पाह्याले. बाप म्हणते, नापास झाली तं लगन उरकून टाकू. आता त्याले सांगतो, बाईनं शब्द देल्ला."

घरी येऊन सुमनचा गणिताचा पेपर पहिल्यांदा उघडला. दोनदा तपासला. ती नापास आहे.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. माझं बोलणं कुणी खरं धरतं, याची मला अजून सवय नाही.

फेरपरीक्षेपर्यंत रोज शिकवीन म्हटलं, तर बाप थांबेल का? तुम्ही काय केलं असतं? पण वही फिरून येईपर्यंत मला थांबता येणार नाही. बुधवारी शाळा सुटली की मी त्यांच्या घरी जाणार आहे.