साहेबांसाठी झाडलेला पऱ्या

आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे. रत्नागिरीहून पावसकडे जाताना जसे सडे लागतात तसाच, काळपट जांभ्या दगडाचा सपाट माळ, उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवू न देणारा. पावसाळ्यात त्या सड्यावरचं पाणी एका पऱ्याने वाडीतून खाली भातखाचरांत उतरतं. आठ महिने पऱ्या कोरडा असतो. परगावचा माणूस त्याला वाट समजतो आणि सरळ त्यातून चालत वर जातो.

त्या सड्यावर बंगल्यांचे प्लॉट पडले. जेसीबी आला, झुडपं गेली, खाचखळगे बुजले, रस्ते झाले. मी रत्नागिरीच्या एका कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेली, त्यामुळे सरकारी कागद दिसला की मला राहवत नाही. परवानगीच्या आदेशाची नक्कल मी काढून आणली. त्यात अट स्पष्ट होती. पावसाळ्यापूर्वी प्लॉटवाल्याने वर साठवणीचा खड्डा खोदायचा, सपाट केलेल्या जमिनीवरचं पाणी त्यात अडवायचं आणि हळूहळू खाली सोडायचं. माती खाली येता कामा नये. मी सड्यावर जाऊन पाहिलं. रस्त्याला दिव्याचे खांब होते, कमानीला रंग होता, खड्डा मात्र नव्हता. तिथल्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "होईल हो काका, पावसाला अजून वेळ आहे."

मे महिन्यात एका दुपारी वळीव पडला. जेमतेम अर्धा तास. पऱ्याच्या वळणावर माझ्या थोरल्या भावाचं घर आहे. भाऊ गेला, मुलगा मुंबईला नोकरीत, घरात वहिनी एकटी. घराचं जोतं चिऱ्याचं, पण मागची भिंत मातीची. मी पोचलो तेव्हा वहिनी मागीलदारी उभी होती आणि लाल पाणी तिच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. एवढ्या वर्षांत भर आषाढातही ते दुसरीच्या वर गेलं नव्हतं.

"भावजी, पानी दरसाल येतं," ती म्हणाली. "पन ही मातीच आलीय. पऱ्या भरला तर पानी जायाचं कुटं?"

पाणी ओसरल्यावर पाहिलं तर पऱ्यात गुडघाभर गाळ बसला होता. चिरे कापताना पडते ती लाल भुकटी, मुरूम, खडी. अर्ध्या तासाच्या पावसाने हे केलं होतं. जूनमध्ये चार दिवस धार लागली की पऱ्या पाणी घेणार नाही आणि ते मातीच्या भिंतीला जाऊन उभं राहील, हे सांगायला इंजिनियर नको होता. मी वहिनीला आमच्याकडे राहायला ये म्हटलं. ती म्हणाली, "मी आले तरी भित येनार हाय का माज्यासंगती?"

परवानगी देणाऱ्या कचेरीत मी अर्ज केला. मुद्देसूद, अटीचा क्रमांक घालून. दोनदा हेलपाटे घातले, एकदा आवाजही चढवला, त्याची मला लाज वाटत नाही. शेवटी निरोप आला की बुधवारी साहेब स्वतः पाहणीला येतील आणि दिसेल त्याचा पंचनामा करतील. गाळ दिसला तर काम तिथल्या तिथे बंद. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वाडीत मी घरोघर जाऊन सांगितलं, बुधवारी साहेब येणार आहेत.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. आगोट जवळ आली, म्हणजे पावसापूर्वीची घाई सुरू झाली, की एका रविवारी घरटी एक माणूस पऱ्यावर उतरतं. फावडी, घमेली, कोयते. वरपासून खालपर्यंत पऱ्या मोकळा करायचा आणि ज्याच्या घरामागच्या परड्यासमोर जो गाळ निघेल तो त्याने आपल्या माडांच्या आळ्यात नेऊन घालायचा. पऱ्याचा काळा गाळ माडाला मानवतो. या दिवसाला कुणी चुकत नाही. मेमध्ये चाकरमानी आलेले असतात, तेही पँट दुमडून उतरतात. यंदा तो रविवार साहेबांच्या आधीचाच होता. त्यात साहेब येणार म्हटल्यावर सगळ्यांना चेवच चढला. पाहुणा येणार तर वाट झाडलेली हवी, इतकं साधं. मीही धोतर खोचून उतरलो होतो. इतकंच नाही, वळणावर एक ढीग राहिला होता तो मीच ओरडून काढून घेतला. "अरे, साहेब काय म्हणतील!" हे माझेच शब्द. संध्याकाळी पऱ्या असा लख्ख झाला की त्यात पंगत बसवावी. आम्ही फावडी घेऊन त्यात उभे राहिलो आणि पुतण्याने मोबाइलवर फोटो काढले.

बुधवारी साहेब आले. तरुण, हातात वही, कपाळावर घाम. पऱ्यात उतरले, वर गेले, खाली आले. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाळ कुठाय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तीस वर्षं मी पंचनामे फायलीला लावले, दिसतं तेवढंच कागदावर येतं हे मी नव्या पोरांना शिकवलं, आणि आमचा पुरावा आम्हीच घमेल्यांनी उचलून नेला होता.

"काढला साहेब. रविवारी काढला."

"फोटो आहेत?"

पुतण्याने मोठ्या उत्साहाने मोबाइल पुढे केला. एकामागून एक फोटो. सगळ्यांत स्वच्छ पऱ्या आणि दात काढून हसणारे आम्ही. गाळाचा एकही नाही. साहेब गालात हसले आणि मला इतका संताप आला, स्वतःचाच, की मी तो मोबाइल पऱ्यात भिरकावला असता.

साहेबांनी वही उघडली. "प्रवाह मोकळा आहे. गाळ आढळला नाही," असं बोलत बोलत ते लिहू लागले. सुपरवायझर वरच्या अंगाला सावलीत उभा होता. त्याने शांतपणे तंबाखू मळायला घेतली. मी अटीचा क्रमांक सांगितला, खड्डा नाही हे सांगितलं. साहेब म्हणाले, "खड्ड्याची मुदत पावसाळ्यापर्यंत आहे, अजून संपलेली नाही. नुकसान दिसलं असतं तर आज थांबवलं असतं. नसलेलं कसं लिहू?" ते बरोबरच बोलत होते. मी त्यांच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं, आणि ते मला जास्त झोंबलं. महिनाभरात वहिनीची भिंत बसणार आणि कागद म्हणणार की काही आढळलं नाही.

साहेब जीपकडे निघाले. तेवढ्यात वहिनी आडवी आली. पदर खोचलेला, हातात कुदळ.

"सायेब, गाळ बगायचाय ना? मग माज्या माडाकडं चला."

ती त्यांना परड्यात घेऊन गेली आणि माडाच्या आळ्यात कुदळ घातली. वरचा वाळल्या पानांचा पातेरा बाजूला झाला आणि खाली रक्तासारखी लाल भुकटी. "आमच्या पऱ्याचा गाळ काळा असतो. ह्यो बगा कसला हाय. नारळाला घालायच्या लायकीचा नाय, पन दरसाल घालतो म्हनून घातला." दुसऱ्या आळ्यात खडी निघाली. तिसऱ्यात सिमेंटच्या खुंट्याचा तुकडा निघाला, त्यावर पिवळ्या रंगात प्लॉटचा अर्धा आकडा. साहेबांनी तो उचलला, उलटसुलट केला आणि सड्याकडे पाहिलं. सुपरवायझरने तंबाखू टाकून दिली होती. मग साहेब दुसऱ्या परड्यात गेले, तिसऱ्यात गेले. सगळीकडे तेच. वाडी मागोमाग चालली होती.

वहिनीच्या पडवीत बसून त्यांनी आधीचं खोडलं. "अटीप्रमाणे खड्डा पूर्ण होईपर्यंत काम बंद," असं ते लिहायला लागले. मला ते पुरेसं वाटेना. खड्डा म्हणजे हे लोक दिवस ढकलणार, अर्धामुर्धा खोदून दाखवणार. एवढा वेळ हरलेला मी आता जिंकत होतो आणि मला थांबवेना.

"साहेब, खड्ड्याचं त्यांना जमेल तेव्हा जमेल. आधी लिहा की सड्यावरचं पाणी या पऱ्यात येता कामा नये. त्याशिवाय काम चालू नाही."

साहेबांनी पेन थांबवलं. "मग ते जाईल कुठे?"

"ते त्यांचं ते बघतील," मी म्हटलं.

ते दमले होते. त्यांनी खड्ड्याचं खोडून माझं वाक्य जसंच्या तसं घातलं. मी ते दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

चारच दिवसांत सड्यावर जेसीबी पुन्हा गुरगुरला. मी वर जाऊन पाहून आलो. खड्डा नव्हता, पण सड्याच्या पलीकडच्या कडेला एक लांबलचक चर खणला होता आणि सगळा उतार तिकडे फिरवला होता. आमच्या पऱ्याकडे पाणी येणार नाही हे उघड दिसत होतं. चर पुढे कुठे उतरतो ते मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायला गेलो नाही.

पाऊस लागला आणि मी रोज छत्री घेऊन वहिनीच्या मागीलदारी जाऊन उभा राहू लागलो. आषाढात तीन दिवस झोड उठली. पहिल्या दिवशी पाणी पहिल्या पायरीला लागलं. तिसऱ्या दिवशीही ते पहिल्याच पायरीला होतं. वहिनीने त्या दिवशी घावणे केले. मी चार खाल्ले. भिंत हाताने चाचपून पाहिली, कोरडी होती. मला फार बरं वाटलं, अगदी वाडीभर सांगत सुटावं इतकं.

पाऊस जरा उघडल्यावर एका सकाळी एक बाई मला शोधत वहिनीकडे आल्या. सड्याच्या पलीकडच्या उतारावर बौद्धवाडी आहे, तिथल्या त्या. शाळेत शिक्षिका. चिखलाने पाय पिंढऱ्यांपर्यंत लाल झाले होते. वहिनीने पाट दिला, पण त्या बसल्या नाहीत.

"काका, वरचं पाणी यंदा आमच्याकडे आलं. तिकडे पऱ्या नाही, नुसती पायवाट आहे. वडिलांची खोली बसली. दुपारची वेळ होती, ते ओटीवर होते म्हणून वाचले." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. आमच्याच आदेशाची नक्कल. "हे लिहून तुम्ही घेतलंत, असं कचेरीत कळलं."

"हो," मी म्हटलं. "ते वाक्य माझं आहे."

मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"मला अर्ज लिहून हवाय," त्या म्हणाल्या. "खड्डा पुरा करायला लावा, असा. आणि तो होईपर्यंत निम्मं पाणी पूर्वीसारखं तुमच्या पऱ्यात सोडा, असा. सगळं नको. निम्मं. लिहाल?"

मी वहिनीकडे पाहू शकलो नाही. भिंत तिची होती. मला काहीही बोलण्याचा हक्क उरला नव्हता, लिहिण्याचा तर नाहीच. छपरावरून पागोळ्या गळत होत्या. वहिनी त्या बाईंच्या पायांकडे बघत होती.

"लिवा, भावजी," ती म्हणाली. "खाली माजं बी नाव घाला."

मग ती मागच्या खोलीत गेली आणि मातीच्या भिंतीला टेकलेलं तांदळाचं पिंप पुढे ओढू लागली.