उतरता खांदा

"खांदा आता उसवायचा नाही, मास्तर. चारला गाडी येतेय."

"अजून दीड तास आहे, साहेब."

"अहो, पेटी बंदच राहणार आहे. कुणाला दिसणार आहे तो खांदा?"

"त्यांना दिसला ना."

त्या म्हणजे दारात उभी असलेली आई. मघाशी कागदांवर सह्या करायला आली होती. मधलं दार उघडं होतं आणि आत टेबलावर तिच्या मुलाचा शेवटचा गणवेश पसरलेला होता. तिने नुसतं पाहिलं आणि म्हणाली, हा त्याचा नाही. साहेबांनी कार्ड काढून दाखवलं: नाव तेच, नंबर तोच, माप तेच. ती म्हणाली, डावा खांदा सरळ आहे. त्याचा उतरता होता.

मास्तर एकतीस वर्षं लष्कराच्या या शिवणघरात आहेत. बाहेरच्या हॉलमध्ये जिवंत माणसांचे गणवेश मशिनवर होतात. तिथे रेडिओ असतो, टिंगलटवाळी असते. परत न येणाऱ्यांचे मात्र मास्तर मागच्या खोलीत एकटे बसून, हातांनी शिवतात. कुणी सांगितलं नव्हतं. कोपरापर्यंत हात धुतात आणि दार लोटून घेतात. घरी बायकोचं कापड चार महिने पिशवीत पडून आहे. ती म्हणते, "मीच भरती होते, म्हणजे माझाही नंबर लागेल." बाकी तिच्या सगळ्या टोमण्यांवर मास्तर हसतात, या एकावर नाही.

साहेब करवादले, कार्डावर खांद्याचा एकच आकडा असतो, डावा-उजवा कोण वेगळा मोजतं? मास्तरांनी वाद घातला नाही. ब्लेड घेतलं आणि शिवण सोडायला लागले. मग स्टूल पायाने पुढे सरकवून म्हणाले, "बसा, ताई. किती उतरवू?"

"दोन बोटं." तिने बोटं कापडावर टेकवली. मास्तरांनी शेजारी टेप धरली. मग न विचारताच तिने सुईच्या डबीतून बारीक सुई निवडली आणि एका झटक्यात ओवली.

शिवता शिवता ती सांगत होती. नवव्या वर्षी भिंतीवरून पडला, हाड वाकडं जुळलं. भरतीच्या डॉक्टरसमोर श्वास रोखून सरळ उभा राहिला आणि तेव्हापासून आपण सरळच आहोत, अशी त्याची समजूत. सुट्टीवर आला की कोट आईच्या मांडीवर टाकायचा, "आई, हा जरा माझ्यासारखा कर गं." दर वेळी तिने हेच दोन बोटांचं काम केलं होतं. मास्तर मान वर न करता ऐकत होते. तिचे टाके त्यांच्या टाक्यांना येऊन मिळाले, तेव्हा कुठला कुणाचा ते त्यांनाही ओळखता येईना.

शेवटी तिने दोरा दाताने तोडला. कोटाच्या आत हात घातला, मूठ खांद्याखाली आणून तो वर उचलून धरला. कापड घरंगळलं, थबकलं आणि बसलं. खोलीत माणूस उभा राहावा, तसा.

मास्तर जागेवरून उठले. जिवंत माणूस सांगतो, बगलेत धरतंय, पाठीत ओढतंय. या गणवेशांचं मात्र एकतीस वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. बरोबर झाला की चुकला, हे कधी कळलंच नव्हतं त्यांना. दर वेळी इस्त्री फिरवायची, घडी घालायची आणि दिलेलं काम जमलं असेल, असं स्वतःच समजायचं.

"आता बसला, दादा," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्यापुढे हात जोडले. तिला ते अवघड झालं. ती बटणं लावायला लागली, वरून खाली, एकेक.

बाहेर गाडी लागल्याचा आवाज आला. साहेबांनी नोंदवही उघडली. कार्डाबाहेर बदल केला की कारण लिहावं लागतं. त्यांचा आवाज आता उतरला होता.

"मास्तर, कारण काय लिहू?"

मास्तरांनी गणवेश दोन्ही हातांवर आडवा घेतला, आईला पुढे होऊ दिलं आणि तिच्या मागोमाग बाहेर पडले.